फळीवरचं शेवटचं पाकीट

उनाइसीला थोरल्या जावेचं, अलुमिताचं, काही म्हणता काही बघवत नसे. तिचं खळखळून हसणं, तिच्या दारातली पपई, तिचं न गळणारं पत्र्याचं छप्पर, सगळंच डोळ्यांत खुपायचं. पण सगळ्यांत जास्त खुपायची ती फळी.

अलुमिताच्या घरात शिरलं की समोरच भिंतीला ती फळी ठोकलेली. तिच्यावर डायपरची पाकिटं छतापर्यंत रचलेली. अलुमिताचा भाऊ ऑस्ट्रेलियात द्राक्षं तोडायला गेलेला. भाचा झाला असं कळल्याबरोबर त्यानं बोटीनं हे भलं मोठं खोकं धाडलं. डायपर, साबण, पावडर, मऊमऊ टॉवेल! खोकं उतरवून घ्यायला खारफुटीतली आमची अख्खी वस्ती धावली. उनाइसी तेवढी दारात कसाव्याचे कंद सोलत बसून राहिली. निम्मा कसावा सालाबरोबर गेला, तरी हिचं लक्ष नाही.

दोघी जावा एकाच महिन्यात बाळंत झालेल्या. अलुमिताला पहिला मुलगा, जोने. त्याला पहिल्यांदा मांडीवर घ्यायला माणसं चटया, कापडं, साबणाच्या वड्या घेऊन रांगेनं आली. उनाइसीला तिसरी मुलगी, वासीती. तिला बघायला तीच माणसं आली, चहा प्याली, "नाक बापाचं घेतलंय हो," म्हणाली आणि रिकाम्या हातांनी उठली. तिसऱ्या मुलीचं कौतुक कोण करतंय?

उनाइसीचा नवरा अपिसाई चिखलातले खेकडे पकडून रस्त्यावर विकायचा. खेकडे मिळाले तर तेल-मीठ, नाही तर उकडलेला कसावा आणि लिंबाच्या पानांचा चहा. डायपर कुठले आणायचे? तिनं लग्नातली चादर फाडून लंगोट केले. पण सुवा शहराच्या दमट, पावसाळी हवेत कापड वाळतंय कधी! सकाळी धुतलेला लंगोट संध्याकाळी ओलाच. चुलीवर धरून वाळवला तर धुराचा वास. आणि तोच ओलसर लंगोट बांधायचा. पोरीच्या मांड्या सोलवटून लाल झाल्या. शू झाली की ती किंचाळायची, आणि शेजारून जोनेच्या खिदळण्याचा आवाज यायचा.

"देवळात बसून आपण देवाचं नाव घ्यायचं आणि देवानं सगळं तिच्या पदरात टाकायचं," उनाइसी अपिसाईवर डाफरायची. "तुझा भाऊ काय आणि तू काय, एकाच आईचे ना रे? मग तिच्या घरात आपल्यासारखी ददात का नाही?"

"तिच्या भावानं पाठवलंय. माझ्या भावानं नव्हे," अपिसाई बिचारा म्हणायचा.

"मग मला का नाही असला भाऊ?"

तो जाळं उचलून निघून जायचा.

बरं, अलुमिता हाताची आखडती होती म्हणावं, तर तेही नाही. खोकं आलं त्याच दिवशी ती एक पाकीट घेऊन आली होती. "घे गं, वासीतीला."

"नको हो ताई," उनाइसीनं नाक मुरडलं. "आमच्या पोरीला कापडच मानवतं. ते प्लास्टिक तुमच्या राजपुत्राला लखलाभ."

अलुमिता पाकीट घेऊन परत गेली. आणि त्या दिवसापासून उनाइसीला ती जास्तच बोचायला लागली. दिलं नसतं तर निदान मनमोकळ्या शिव्या तरी देता आल्या असत्या!

मग वस्तीचं केरेकेरे सुरू झालं. आपल्या माणसानं दारात येऊन "केरेकेरे" म्हटलं, की मागेल ते द्यायचं. का हवंय ते विचारायचं नाही, आणि मागणाऱ्यानंही सांगायचं नाही. नाही म्हणणारा आपल्यातला उरत नाही. आज आतेबहीण आली, उद्या पाद्र्याची सून, परवा कुणाची कोण. एकेक पाकीट फळीवरून उतरायला लागलं. उनाइसी आपल्या दारातून बघायची आणि तिला गार गार वाटायचं. उतरू दे! सगळी उतरू देत!

आणि नेमकी तेव्हाच तिची नोकरी ठरली. शर्ट शिवायच्या कारखान्यात, सोमवारपासून. कारखान्याला पाळणाघर होतं, त्यामुळे अंगावर पिणारी वासीती जवळ राहणार होती. दर आठवड्याला पगार! मुलींना दूध, घरात साबण, पोरीच्या मांड्यांना मलम. फक्त एक अट होती. पाळणाघरात कापडी लंगोट चालत नव्हता, धुणार कोण? सोमवारी येताना डायपरचं बंद पाकीट आणायचं. नाही आणलं तर फाटकाबाहेर दुसऱ्या बाया उभ्याच होत्या.

उनाइसीनं नोकरीचं वस्तीत कुणाला सांगितलं नाही. ठरलेली गोष्ट बोललं की मोडते, असं तिचं म्हणणं. दुकानदारानं उधारीला हात जोडले. अपिसाईला दोन दिवस खेकडा दिसला नाही.

रविवारी देवळातून आल्यावर तिनं शेजारी पाहिलं. फळीवर एकच पाकीट उरलं होतं.

ती गेली. चटईवर बसली, मान खाली घातली आणि मागण्याच्या रीतीनं हातांची ओंजळ करून हलकेच टाळी वाजवली. अलुमिताच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच थांबलं.

"ताई, केरेकेरे. ते पाकीट."

अलुमितानं फळीकडे पाहिलं, मग जोनेकडे. "साबण ने ना गं. दोन टॉवेलही आहेत. चांगले आहेत."

"पाकीटच हवंय."

"तेच?"

"तेच."

बघा, आता कसं तोंड कडू झालं बाईचं! गावभर वाटताना हसत होती, आणि जावेला द्यायची वेळ आली तर हात जड झाला. उनाइसीला आतून गुदगुल्या झाल्या. इतक्या महिन्यांत असं बरं तिला कधी वाटलं नव्हतं.

अलुमिता उठली. पाकीट काढलं, कडेनं पुसलं आणि दोन्ही हातांनी पुढं केलं. "वासीतीला सांग, मोठ्या आईनं दिलंय."

मागची फळी रिकामी झाली होती. उनाइसी घरी येईपर्यंत मागं वळून बघत होती.

सोमवारी पहाटेच ती कारखान्याच्या फाटकाशी पोहोचली. कडेवर वासीती, काखेत पाकीट. मुकादम प्रेमवतीबाई छत्री घेऊन उभी होती.

"आलीस? बरं झालं. आणि ती दुसरी कुठाय?"

"दुसरी कोण?"

"तुमच्याच वस्तीतली गं. उंच आहे, कडेवर मुलगा. अलुमिता."

उनाइसीला आधी कळेचना. "ती... ती कशाला येईल इथं?"

"कशाला म्हणजे? शुक्रवारी येऊन गेली. नवऱ्याचं काम सुटलंय म्हणे, वस्तीत कुणाला सांगितलं नाहीये म्हणाली. मी म्हटलं, डायपर? तर म्हणते, सगळे वाटून संपले बाई, पण एक पाकीट मी सोमवारसाठी राखून ठेवलंय."

उनाइसीनं काखेतलं पाकीट नकळत मागं घेतलं.

"काय गं? येतेय ना ती?"

उनाइसीनं मान हलवली, नाही म्हणून.

आत घंटा झाली. प्रेमवतीबाईनं फाटकाबाहेरच्या बायांमधून एकीला बोट दाखवून बोलावलं. मग उनाइसीच्या काखेतून पाकीट ओढून घेतलं आणि पाळणाघरातल्या फळीवर ठेवून दिलं.