तीनदा खाली, एकदा आत

भावाने पुण्याहून तो एमपीथ्री प्लेअर पाठवला, तो बाबांसाठी. काडेपेटीपेक्षा जरासा लांब, वर बोटाच्या पेराएवढा निळा पडदा आणि बाजूला एकच खटका. तो वर ढकलायचा, खाली ढकलायचा किंवा आत दाबायचा. सोबत दोन डबडी स्पीकर होते. अभंग आणि नाट्यगीतं भरूनच दिली होती. "दिवसभर एकटे असतात, तेवढीच सोबत," भाऊ फोनवर म्हणाला.

ही दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. नाशकात, इंदिरानगरला दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बाबा आणि मी असे दोघंच राहत होतो. आई जाऊन काही वर्षं झाली होती आणि मी लग्न केलं नव्हतं. बाबा एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लावायची ते ठरवायचं आणि काचेच्या खोलीतून माइकवर पुकारायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर चौथ्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली.

"त्यांना समजतं सगळं," डॉक्टर म्हणाले होते. "शब्द आतच आहेत. बाहेर यायची वाट बंद झालीय."

सुरुवातीला बाबांनी प्रयत्न केला. पाणी मागायचं असलं की तोंडातून 'खिडकी' किंवा असंच भलतं काहीतरी निघायचं. एकदा घरी पाहुणे असताना तसं झालं आणि कोणीतरी हसलं. त्या दिवसापासून त्यांनी तोंड उघडणंच सोडलं. काही हवं असलं की डाव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर टकटक करायचे. घरातला तेवढाच त्यांचा आवाज.

प्लेअर आला त्या रविवारी मी त्याच्या सेटिंगमध्ये शिरले आणि काहीतरी दाबता दाबता भाषा बदलून बसले. पडद्यावर सगळी चिनी अक्षरं. परत यायचं तर 'भाषा' हा शब्दही चिनीतच शोधायचा. तासभर खटपट करून मी नाद सोडला आणि आकडे पाठ केले. चालू केल्यावर खटका तीनदा खाली, एकदा आत, की अभंग सुरू. रोज सकाळी बाबांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायचं, शेजारच्या फळीवर प्लेअर लावायचा, कुलूप घालायचं आणि ऑफिसला जायचं. दुपारी कामाच्या मावशी त्यांच्याजवळच्या किल्लीने दार उघडायच्या, बाबांना जेवू घालायच्या आणि पुन्हा कुलूप लावून जायच्या.

एके सकाळी घाईत माझा हिशोब चुकला. खटका चारदा खाली गेला असावा. गाणं लागलं नाही, पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका तेवढा लुकलुकत राहिला. लागेल थोड्या वेळाने, असं म्हणून मी निघाले.

संध्याकाळी पाहिलं तर यादीत एक नवी ओळ दिसत होती, नुसते आकडे. स्पीकर काढून मी इअरफोन लावले आणि मेथी निवडता निवडता ती ओळ सुरू केली.

आधी दाराची कडी वाजली, मग कुलूप, मग माझ्याच चपला जिना उतरताना. आपण गेल्यानंतरचं आपलं घर आपणच ऐकतोय, हे लक्षात यायला मला थोडा वेळ लागला. चपलांचा आवाज संपला आणि त्याला अगदी चिकटून, मध्ये श्वासाचीही जागा न ठेवता, एक पुरुष बोलला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. दिंडोरी, वणीमार्गे कळवणला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे."

स्वच्छ, खणखणीत आवाज. त्यामागोमाग लगेच कबुतरं फडफडली, लगेच मावशींचा "जेवा बाबा" हा आवाज, लगेच ताटाची खणखण आणि कुलूप. मग पुन्हा तोच माणूस. "निफाडमार्गे लासलगाव. फलाट क्रमांक दोन."

माझे हात मेथीतच थांबले. स्वयंपाकघराच्या दारातून बाबांची खुर्ची दिसत होती. ते माझ्याकडेच पाहत होते. ओठ एका बाजूला ओघळलेले, मिटलेले. आणि माझ्या कानात ते बोलत होते, दहा वर्षांनी तरुण होऊन.

मी इअरफोन काढले. घरात पंख्याशिवाय कसलाही आवाज नव्हता.

"बाबा," मी विचारलं, "काही म्हणालात?"

त्यांनी मान हलवली. नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींची गाठ पडावी म्हणून मी दुपारी मुद्दाम घरी आले. मावशी कळवणकडच्या. मी विचारलं, "मावशी, बाबा तुमच्याशी कधी बोलतात का?"

"नाय वो ताई. एक शबुद नाय. लय शांत हायेत बाबा."

"आणि दुसरं कोणी येतं?"

"कोन येनार? कुलूप असतंय ना." मग त्या म्हणाल्या, "एकदा जिना उतरताना मला वाटलं, घरात रेडिओ लागलाय. माघारी जाऊन पाह्यलं तर बाबा आपले गप बसलेले."

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला असल्या वस्तूंची हौस होती. त्याने चिनी अक्षरांतून अंदाजाने वाट काढत दोन मिनिटांत प्लेअर इंग्रजीवर आणून दिला. वर म्हणाला, "मॅडम, यात रेकॉर्डिंगचं सेटिंग व्हॉइसवर आहे. आवाज झाला की आपोआप सुरू होतं, शांतता झाली की थांबतं. बंद करून देऊ?"

"राहू दे," मी म्हणाले.

तेव्हा एवढं तरी कळलं, की ते आवाज एकमेकांना का चिकटले होते. मधले तासन्‌तास यंत्राने गाळून टाकले होते. पण बाबा बोलतात कसे, हे त्यातून कळत नव्हतं. डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांना माझ्याएवढं नवल वाटलं नाही. शिव्या, आकडे, आरत्या, जन्मभर म्हटलेलं पाठांतर कधीकधी दुसऱ्या वाटेने बाहेर येतं, असं ते म्हणाले. "घाई करू नका. त्यांच्यासमोर विषय काढलात तर तेही बंद होईल."

मी विषय काढला नाही. त्याऐवजी मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. मी रोज सकाळी मेनूत जाऊन गाण्यांच्या ओळीवरून खाली सरकायचे आणि रेकॉर्डिंग लावायचे. आता सगळे शब्द वाचता येत होते, त्यामुळे चुकून झालं असं म्हणायची सोय उरली नव्हती. बाबा त्या ठिपक्याकडे बघायचे, मग माझ्याकडे. गाणी का नाहीत, हे विचारायला त्यांच्याकडे शब्द नव्हते.

आठवडाभर मी संध्याकाळी पेठच्या, सटाण्याच्या, सुरगाण्याच्या गाड्या ऐकल्या. त्यातल्या कित्येक गाड्या केव्हाच बंद झाल्या होत्या. आणि शुक्रवारच्या रेकॉर्डिंगमध्ये, कळवणच्या गाडीनंतर, हे आलं.

"एक लहान मुलगी सापडली आहे. वय अंदाजे चार वर्षे. अंगात पिवळा स्वेटर, पायात चप्पल नाही. नाव सांगता येत नाही. तिच्या पालकांनी नियंत्रण कक्षात येऊन तिला घेऊन जावे."

नंतर खुर्चीच्या दांडीवर टकटक. नंतर पुन्हा तेच शब्द. त्या एका दिवसात अकरा वेळा. घड्याळाच्या कोणत्या काट्याने ते चाललं होतं कोण जाणे, कारण मधली शांतता गाळलेली होती. माझ्या कानात ती मुलगी सारखीच सापडत होती आणि तिला न्यायला कोणीच येत नव्हतं. शनिवारी नऊ वेळा. सोमवारी पुन्हा.

बाबांबरोबर काम केलेले एक काका पंचवटीत राहायचे. मी त्यांच्याकडे गेले. प्लेअर त्यांच्या हातात दिला, इअरफोन लावून दिले. थोडं ऐकल्यावर त्यांनी ते काढून ठेवले.

"हे कधी सांगितलं नाही तुला त्यांनी?"

"नाही."

"नव्वद-एक्याण्णव असेल. थंडीचे दिवस. कळवणच्या गाडीतून सगळी माणसं उतरून गेली आणि मागच्या बाकावर ही पोर. तुझ्या वडिलांनी दिवसभर पुकारलं. ड्यूटी संपली तरी उठेनात. मी म्हटलं, अहो, आता मी पुकारतो, घरी जा. तर म्हणाले, आवाज बदलला तर तिच्या आईला वाटेल, ही दुसरीच कोणी पोर."

"मग?"

"मग काय, पोलिसांनी नेली. पुढे बालगृहात ठेवली असं कळलं. हे सुट्टीच्या दिवशी बघायला जायचे. दोन-तीनदा गेले. नंतर गेले तेव्हा तिला दुसरीकडे कुठे पाठवली होती. नेमकी कुठे, ते काही लागलं नाही."

त्या वर्षी माझी दहावी होती. बाबा घरी गप्प गप्प असायचे ते माझ्या अभ्यासासाठी, अशी माझी समजूत होती.

घरी आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. मी बाबांच्या खुर्चीशी जमिनीवर बसले. डॉक्टरांचं बजावणं आठवत होतं, तरी राहवलं नाही. खोटं बोलायचं हे रिक्षातच ठरलं होतं. "बाबा," मी म्हणाले, "ती पिवळ्या स्वेटरची मुलगी होती ना, तिची आई आली होती. काकांना भेटली. आली ती, बाबा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा डावा हात दांडीवरच होता, पण त्यांनी टकटक केली नाही. त्या रात्री ते शांत झोपले. मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशीही मी सकाळी रेकॉर्डिंग लावून गेले. संध्याकाळी आल्यावर इअरफोन लावले. कळवण, फलाट चार. लासलगाव, फलाट दोन. मग थोडी खरखर झाली आणि बाबा म्हणाले,

"पिवळा स्वेटर घातलेल्या मुलीची आई नियंत्रण कक्षात आली आहे. मुलीने जिथे असेल तिथून नियंत्रण कक्षात यावे."

आधी ते आईला बोलावत होते. आई आली म्हणून मी सांगितलं, तर आता ते मुलीला शोधत होते. आवाजही बदलला होता. पूर्वी त्यात सरकारी कोरडेपणा होता, आता घाई होती. "मुलीने यावे. आई थांबली आहे. मुलीने यावे." त्या दिवशी मी मोजलं नाही.

तीन दिवस असंच चाललं. त्यांचं जेवण कमी झालं. मावशी म्हणाल्या, "बाबा दाराकडंच बघत्यात ताई."

चौथ्या दिवशी मी रजा टाकली, पण बाबांना सांगितलं नाही. नेहमीसारखी तयार झाले, पर्स घेतली, बाहेरून कुलूप लावलं, जिना उतरले आणि चपला हातात घेऊन पुन्हा वर आले. कुलूप हळूच काढलं आणि दाराला कान लावून उभी राहिले. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई बाहेर डोकावल्या, मी ओठांवर बोट ठेवलं. त्या घाबरून आत गेल्या.

अर्धा-पाऊण तास काही नाही. मग दारापलीकडून तो आवाज आला. यंत्रातून नव्हे, खराखुरा, लाकडातून माझ्या कानशिलापर्यंत.

"मुलीने जिथे असेल तिथून नियंत्रण कक्षात यावे."

मी दार ढकललं आणि आत गेले. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. डाव्या हाताची मूठ तोंडासमोर धरलेली, माइक धरल्यासारखी. मला पाहून त्यांनी ती खाली घेतली नाही.

मी काय बोलणार होते ते ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, "मी आले, बाबा."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत नीट बघितलं. हातातल्या चपला, अनवाणी पाय, खांद्यावरची पर्स. स्टँडवर हरवलेलं मूल न्यायला कोणी आलं की त्या माणसाला ते असेच बघत असणार. मग त्यांनी मान हलवली आणि तोंड वाकडं करत, ओढून ओढून, पण अगदी कळेल असं म्हणाले,

"ही नव्हे."

अकरा महिन्यांच्या मौनानंतर माझ्याशी बोललेले ते त्यांचे पहिले शब्द.

मी त्यांच्या खुर्चीशी खाली बसले. हसू येत होतं आणि रडूही. बाबा मात्र माझ्यावर रागावलेले दिसले. त्यांना फसवता येत नव्हतं. "मी खोटं बोलले," मी म्हणाले. "आई आली नव्हती. मला माहीत नाही ती कुठे आहे. काकांनाही माहीत नाही."

मग त्यांनी मूठ उघडली आणि हात माझ्या डोक्यावर ठेवला. तो जड होता आणि गार होता.

त्यानंतर माझ्यादेखत गाड्या पुकारायला त्यांना संकोच वाटेनासा झाला. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी त्याचाच उपयोग केला. आधी "फलाट क्रमांक चारवर" म्हणायचं, त्याच्या शेपटाला "पाणी आणा" जोडायचं. असे तीस-चाळीस शब्द परत आले. घरात येणाऱ्याला ते विचित्र वाटायचं. "प्रवाशांनी लक्ष द्यावे, चहा गार झाला," असं ते म्हणायचे आणि मी चहा गरम करून आणायचे. पुढे पावणेदोन वर्षांनी ते गेले.

त्या मुलीला त्यांनी पुन्हा कधी पुकारलं नाही, निदान माझ्या कानावर तरी नाही. रेकॉर्डिंग लावणं मी त्या दिवसापासून बंद केलं होतं, त्यामुळे मी ऑफिसला गेल्यावर दुपारी त्या खोलीत काय चालायचं ते मला माहीत नाही. मावशींना मी एकदा विचारलं होतं. त्या भांडी घासत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "ताई, मी आता जिना उतरताना थांबत नाय."

बालगृहं मी नंतर दोन पाहिली, एक नाशकातलं, एक बाहेरचं. जुनी कागदपत्रं नाहीत, असं दोन्हीकडे नीट बोलून सांगितलं. ती मुलगी असली तर आता चाळिशीला येत असेल.