आरतीवरचं इंग्रजी

रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेली माणसं तीर्थयात्रेला निघतात. पद्मिनीताईंनी इंग्रजी बोलण्याचा वर्ग काढला. ब्राह्मणपारा मोहल्ल्यात, मंडळाच्या मागच्या खोलीत, दुपारी तीनला.

पद्धत त्यांनी गणपतीच्या आरतीवरून उचलली होती. आरती कोणाला पूर्ण पाठ असते? मधल्या ओळी सगळे गुणगुणतात, शेवटच्या शब्दाला छप्पर उडवतात, आणि दहा दिवसांत ती आपोआप तोंडी बसते. म्हणून वर्गात एकट्यानं बोलायचंच नाही. ताई वाक्य उचलत, बाकीचे मागून म्हणत. सगळ्यांत मोठा आवाज गंगाधररावांचा. ते चुकतही इतक्या मोठ्यांदा, की बाकीच्यांच्या चुका त्याखाली झाकून जात.

वीणा कोपऱ्यात बसे. गोल बाजारातल्या एका दुकानात बारा वर्षं ती साड्यांच्या घड्या घालत होती. ते दुकान येत्या काही महिन्यांत बंद होणार होतं. एका दवाखान्याला काउंटरवर बाई हवी होती, थोडंफार इंग्रजी बोलणारी. वीणाचा सगळा जीव त्या काउंटरात अडकलेला. सुरुवातीला तिचे नुसते ओठ हलत. दिवाळीनंतर आवाज फुटला, तेव्हा ताईंनी वर्गाला पेढे वाटले. हिला एकटीनं बोलू द्यावं, असं ताईंच्या मनात दोनदा येऊन गेलं. पण उभं केलं की पोरीचा चेहरा असा उतरे, की ताईच हळूच वाक्य सुरू करत आणि गंगाधरराव ते तडीस नेत.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी वीणा आली आणि दाराशीच बसली.

"काय विचारलं?" ताईंनी विचारलं.

"नाव. अन् कुठं राहता ते."

"हे तर तुले येते."

"येते ना, ताई. पण तिथं मांगं कोणी नव्हतं. मी वाट पाहून राहिली होती, कोणी सुरू करन म्हणून."

"मले न्यायचं होतं," गंगाधरराव म्हणाले. "दाराआडून म्हटलं असतं."

कोणी हसलं नाही. तेही नाही.

इतके महिने आपण हिला हात धरून विहिरीच्या काठाकाठानं फिरवलं आणि त्याला पोहणं म्हटलं, हे ताईंना तेव्हा कळलं. त्यांनी वीणाला उभं केलं. उद्या काय करणार, असं इंग्रजीत विचारलं. गंगाधररावांनी तोंड उघडलं, ते ताईंनी हातानंच मिटवलं. मग स्वतःचंही मिटलं, आणि ते जास्त अवघड गेलं.

पंखा करकरत होता. बाहेर कोणीतरी स्कूटरला किक मारून मारून थकला. वीणानं जमिनीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मागं मात्र वळून पाहिलं नाही.

"टुमारो आय नॉट कम," ती म्हणाली. "टुमारो आय गो भनपुरी. गोडाऊन. पॅकिंग." जरा थांबून, "मॉर्निंग टू नाइट."

तिचं एकटीचं पहिलं बोलणं. अशा वेळी व्हेरी गुड म्हणायचं असतं. ताईंना ते म्हणवेना.

आणि रिवाजाप्रमाणे सगळ्या वर्गानं ते मागून म्हणायला हवं होतं. गंगाधररावांनीसुद्धा म्हटलं नाही.