रामाच्या होडीचे सुकाणू माझ्या पडवीत

मैत्रिणींनो, मंडळाची फिरती वही आज माझ्याकडे आहे, म्हणून सकाळी घडलेले दुपारीच लिहिते.

रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली हिरा होडीचे सुकाणू डोक्यावर घेऊन दारात आली. "बाई, ह्ये लपवा. तीन राती ह्यांचा डोला लागला न्हाय."

नारळी पौर्णिमेला पंधरा दिवस आहेत, समुद्र खवळलेला आहे आणि तिचा नवरा रामा आजच होडी लोटायची म्हणतो. वाड्याने ठरवले की त्याच्या अंगात देवी आली. लोकांनी त्याला हार घातला आणि होडी लोटायला हात लावायला जमले.

थोड्या वेळाने रामा हारासकट आला. "बाई, माझं सुकाणू द्या. दर्या मला बोलावतोय."

"दर्याला सांग, पौर्णिमेला येतो."

तो खो खो हसला, पायरीवर बसला आणि तासभर बोलत राहिला. मी ऐकले. सुकाणू दिले नाही.

उन्हाळ्यात आगबोटीने आलेल्या मुंबईच्या डॉक्टरांना मी रामाविषयी विचारले होते. उन्माद आणि विषाद ही एकाच आजाराची दोन रूपे, असे ते म्हणाले. खात्रीचे औषध त्यांच्याकडेही नाही. झोप उडाली की होडी अडवायची, हे हिराने स्वतःच शोधले आहे.

दिवाळीच्या सुमारास रामा भिंतीकडे तोंड करून पडेल. गेल्या वर्षी तसेच झाले. तेव्हा हेच लोक त्याला आळशी म्हणाले आणि हिरा एकटी त्याला पेज भरवत राहिली.

या खेपेस तिच्या सोबतीला तुमच्यापैकी कोण जाईल? खाली नाव लिहा.