झेनॉनचा वाकडा सांगाडा

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पिंपरीतल्या आमच्या कॉलेजला रसायनशास्त्राचा पदवीवर्ग मंजूर झाला. तो बाईंनी मिळवला.

बाई रसायनशास्त्र शिकवत, मी भौतिकशास्त्र. कोणत्याही बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या एकट्या जोडीबद्दल सांगताना त्या दोन्ही कोपरे फाकवून उभ्या राहत. म्हणत, "दिसत नाही, पण जागा अडवते." स्टाफरूममध्ये आम्ही हे वाक्य रजेवरच्या प्राचार्यांसाठी वापरत असू. तुमच्याही कचेरीत असे कोणी असेलच.

तोवर बी.एस्सी.साठी पुण्याला जावे लागे. चाकणकडचा एक विद्यार्थी दुपारच्या पाळीला कंपनीत फिटर होता. पुण्याला जाऊन पाळीला वेळेवर परतणे शक्य नव्हते. वर्ग इथे निघाला नाही, तर त्याचे शिक्षण थांबणार होते.

वर्ग द्यावा की नाही हे ठरवायला विद्यापीठाची समिती येणार होती. झेनॉन हा वायू कशाशीच संयोग पावत नाही, असे १९६२पर्यंत मानले जाई. बाईंनी त्याच्याच संयुगांच्या प्रतिकृती मांडायचे ठरवले. झेनॉन हेक्साफ्लोराइडची फिटरने केली: मधे झेनॉनची मोठी गोळी, भोवती सळ्यांवर फ्लोरीनच्या सहा लहान.

"गुण्या लावून बघा मॅडम, समदे काटकोन. केसाइतकाबी फरक न्हाई."

"तेच चुकलंय. इथे एक जोडी बसलीय. या तीन सळ्या फाकवा."

"आवो, असला पीस कंपनीत रिजेक्ट करत्यात!"

"कंपनीत देऊ नका. मला द्या."

त्याने मान फिरवून सळ्या वाकवल्या.

समितीतल्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी नेमकी तीच प्रतिकृती उचलली. "बाई, ही वाहतुकीत वाकली वाटतं?"

"नाही सर, मुद्दाम वाकवलीय." बाईंनी कोपरे फाकवले. "जोडी दिसत नाही, पण जागा अडवते. म्हणून हे तीन फ्लोरीन एकमेकांपासून दूर सरलेत."

प्राध्यापकांनी प्रतिकृती फिरवून पाहिली. मग सोबतच्यांना म्हणाले, "प्रयोगशाळा लहान आहे, पण वर्ग द्यायला हरकत नाही. लिहून घ्या."

दाराशी उभा फिटर माझ्या कानाशी म्हणाला, "सर, रिजेक्ट पीस पास झाला की वो!"

जूनमध्ये वर्ग सुरू झाला. पहिला प्रवेश फिटरचा. त्या तुकडीचा अंतिम निकाल लागला तेव्हा बाई कॉलेजात नव्हत्या. यजमानांच्या बदलीमुळे नाशिकला गेल्या होत्या. फिटर पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला. त्या दिवशी त्याने पाळी बुडवली. दुपारी नाशिक फाट्यावर मी त्याला पेढ्यांच्या पुड्यासह नाशिकच्या एसटीत बसवून दिले.