एप्रिलचा माल

मी डूख धरणारी बाई आहे. लपवून काय उपयोग?

नाशिकच्या एका द्राक्ष निर्यात कंपनीत मी आकड्यांचं काम करते. पेरू, चिली, दक्षिण आफ्रिका आणि आपण, यांत कोणाची निर्यात किती टक्क्यांनी वाढली, घेणाऱ्या देशांची आयात किती वाढली, हा तक्ता दर वर्षी मीच बनवते. मांडायचे मात्र आमचे साहेब. बागायतदारांच्या सभेत तो एकदा तरी मी मांडावा, एवढीच माझी इच्छा होती.

एका वर्षी पाऊस लांबला. ऑक्टोबरातली गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, मागे गेली आणि निम्मा माल एप्रिलात निघाला. सरकारी वर्ष संपतं मार्चअखेर, त्यामुळे तक्त्यात आपली निर्यात धाडकन पडलेली दिसली. मी सगळ्या ऑफिससमोर म्हटलं, "साहेब, ही घट खरी नाही. एप्रिलचा माल पुढच्या वर्षात मोजला जाईल. आपण हंगामाप्रमाणे मोजू या."

"मॅडम, तुम्ही टायपिंग बघा. द्राक्षातलं आम्हाला कळतं."

सगळे हसले. सांख्यिकीत एम.एस्सी. केलेली मी, टायपिस्ट झाले. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

पुढच्या वर्षी छाटणी वेळेवर झाली आणि सगळा माल मार्चच्या आत गेला. आदल्या एप्रिलचा मालही याच वर्षात आला होता, म्हणजे एका रकान्यात दीड हंगाम. आपली वाढ अशी दिसू लागली की पेरूवाल्यांनी हात टेकावेत. साहेब हरखले. मी या खेपेला चकार शब्द काढला नाही. सांगितलं तसं टाइप केलं. युरोपची आयात जेमतेम वाढलेली होती, तो रकाना शेजारीच होता. डोळे असतील त्याने बघावं.

मे महिन्यात दिंडोरी रोडवरच्या मंगल कार्यालयात सभा भरली. साहेबांनी माइक हातात घेऊन चिली, पेरू, सगळ्यांना धूळ चारली. तेवढ्यात एक वयस्कर बागायतदार उठले.

"साहेब, घेनाऱ्यानं तर जास्त घेतला नाय, मंग आपला माल खाल्ला कोनी? आन् त्यो एप्रिलातला माल कोन्त्या साली धरला तुमी?"

हशा पिकला. साहेबांनी कागद चाळले, मग माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं आठवलं की अजून मला सुख वाटतं. मी ग्लास उचलला आणि सावकाश पाणी प्यायले. त्यांच्या कपाळावरचा घाम मला लांबून दिसत होता. दया वगैरे काही आली नाही.

"मॅडम सांगतील," शेवटी ते म्हणाले.

मी माइक घेतला आणि दोन्ही वर्षांचा माल हंगामाप्रमाणे लावून दाखवला. वाढ थोडीच होती. लोक लिहून घेत होते आणि साहेब खाली बसून माझं ऐकत होते.

सभा संपल्यावर तेच बागायतदार माझ्याकडे आले. "ताई, त्यो आकडा साहेबांनी आठ दिस आधी मोबाइलवर धाडला व्हता. त्यो बघून पोरानं नव्या बागेसाठी खड्डे खांदले. तुमाला ठाऊक व्हतं, तर बोलल्या का नाय?"

मी साहेबांकडे बोट दाखवलं. "त्यांनी बोलू दिलं नाही," म्हणाले. त्या वर्षापुरतं ते खोटं होतं, आणि ते बोलताना मला फार बरं वाटलं.