गुरुबळ

मी तशी जन्माची घाबरट. त्यात दहाव्या वर्षी शाळेने आम्हाला तारांगण दाखवायला नेलं. तिथे एकेका ग्रहाच्या नावाने वजनकाटे मांडले होते. माझं वजन चोवीस किलो. चंद्राच्या काट्यावर ते चार भरलं, गुरूच्या काट्यावर साठ. हा गुरुत्वाकर्षणाचा खेळ, असं बाई म्हणाल्या. नावातच गुरू, सगळ्यात जास्त ओढही गुरूची! मग आपल्याला जमिनीवर धरून ठेवतो तोही गुरूच, असं मी ठरवून टाकलं. विचारायचं कशाला?

आमचं घर बेंगळुरूच्या चिकपेटेत, वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, कापडाच्या दुकानावर. त्याच आठवड्यात माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, पत्रिका पाहायला ज्योतिषी आले. तिचं लग्न जमत नव्हतं. त्यांनी मान हलवली, "यंदा हिला गुरुबळ नाही."

घरच्यांना लग्नाची काळजी लागली. मी मात्र अक्कावर नजर ठेवायला लागले, कारण ती हलकी होत चालली होती आणि ते फक्त मला ठाऊक होतं. दर चार दिवसांनी ती दार लावून ब्लाउज आत घ्यायची आणि सुईत दोरा ओवायला मला बसवायची. खोकला आला की उशीत तोंड खुपसायची.

"स्वल्प सैल झालाय, एवढंच. अण्णांना बोललीस तर बघ! रविवारी पाहुणे येणार आहेत मला बघायला."

मी बोलले नाही. पण ती गच्चीवर कपडे वाळत घालायला निघाली की मीही मागोमाग जायची आणि तिचा पदर मुठीत धरून उभी राहायची. वारा सुटला की मूठ आणखी घट्ट आवळायची.

शनिवारी दुपारी वाऱ्याने साडी फडफडली, अक्काला खोकल्याची उबळ आली आणि तिचा तोल गेला. मी किंचाळत खाली दुकानात धावले.

"अण्णा, अक्काचं गुरुबळ संपलं! ती उडून जाईल!"

दुकानातली गिऱ्हाइकं पोट धरून हसली. वडीलही हसले. "सरी, बरं तर, मोजूनच टाकू," म्हणाले आणि मागून खाली आलेल्या अक्काला त्यांनी कापडाचे गठ्ठे तोलायच्या काट्यावर उभं केलं. ती नको नको म्हणत होती.

काटा बत्तिसावर थांबला. वडिलांना तो बिघडलाय असं वाटलं. ते स्वतः चढले, उतरले, तिला पुन्हा चढवलं. बत्तीसच. दुकान तसंच टाकून ते तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

क्षय निघाला. आणखी महिनाभर उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. औषधं वर्षभर चालली. अक्का बरी झाली, तिचं लग्नही झालं.

पण त्या दिवशी काट्यावरून तिने माझ्याकडे जे पाहिलं, त्याची भीती मला अजून वाटते. तिला वाटलं, मी चुगली केली. मी तर फक्त तिला धरून ठेवा म्हणत होते.