पिवळी नुसती टक् करायची

खरं सांगते, मी हे लिहिणारच नव्हते. मंगळवारी केमिस्ट्रीचा रिपोर्ट द्यायचाय, त्याचं पहिलं पानसुद्धा झालेलं नाही, आणि एका म्हाताऱ्या बाईच्या बंद पडलेल्या वॉटर स्कूटरबद्दल कोण वाचणार असंही वाटलं. लॅपटॉप बंद केला. परत उघडला. कारण कालपासून तो आवाज माझ्या कानात बसलाय आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय तो काही जायचा नाही.

तर लोर्ना हुट्टुला. आमच्या शेजारची. तिच्या आणि आमच्या घरांच्या मधे फक्त पाइनची झाडं. हेल्मी तळ्यावर तिला ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही, कारण निम्म्या गावाला तिनेच शाळेत नेऊन सोडलंय. शाळेची बस चालवायची. बर्फ असो, धुकं असो, रस्त्यात हरणं असोत, बस कधी चाळीसच्या वर गेली नाही. आम्ही मागून ओरडायचो, लोर्ना, जरा पळव की, आणि ती आरशातून नुसती बघायची. बास, सगळे गप्प. वयाने माझ्या आजीएवढी आहे, पण लहानथोर सगळे तिला लोर्नाच म्हणतात. आजी म्हटलं तर ओ देत नाही.

मी जन्मायच्या आधी कधीतरी फायर स्टेशनच्या सोडतीत तिला ही वॉटर स्कूटर लागली. पिवळी, अंगावर जांभळे पट्टे, त्या काळी सगळ्याच वस्तूंना असायचे तसे. आई सांगते, पहिल्या दिवशी लोर्ना तळ्यावर गेली आणि लांबून तिच्या किंकाळ्या ऐकू यायला लागल्या. लोक बोटी काढून धावले. जवळ जाऊन बघतात तर बाई हसतेय. चाळीसच्या वर काय असतं ते तिला त्या दिवशी कळलं.

मग तिने ती उघडली. परत जोडली. काही भाग उरले म्हणून परत उघडली. असं करत करत ती शिकली आणि आता तळ्यावरच्या सगळ्या जुन्या स्कूटर तिच्याकडे येतात. नव्यांना हात लावत नाही. जिला स्वतःचा कॉम्प्युटर आहे तिने स्वतःचं स्वतः बघावं, असं तिचं म्हणणं.

गोड बाई आहे असं समजू नका हं. पत्त्यांत सरळ सरळ फसवते. आईची दोन भांडी तिच्याकडे आहेत ती परत येणार नाहीत. आणि दुसऱ्यांच्या स्कूटरना नावं ठेवते. रेइनो सालमेलाची हिरवी आहे ती ‘बेडूक’.

पण तिची एक पद्धत आहे. कुणी ट्रेलर घेऊन आला की तो स्कूटर बांधलेले पट्टे सोडायच्या आत ती बादली पालथी घालते, तिच्यावर बसते आणि विचारते, “हिवाळ्यात काय केलंस हिला?”

सगळे म्हणतात, काही नाही.

“काहीतरी केलंस. ही शेडमध्ये झोपून होती. झोपलेली वस्तू आपली आपण बिघडत नाही. जागा तू होतास.”

मग हळूहळू बाहेर येतं. कुणी बॅटरीच्या वायरी उलट्या लावलेल्या असतात. कुणी प्रेशरच्या पाण्याने फ्यूजचा डबा धुतलेला असतो. एक दातांचा डॉक्टर तर शेजारच्या गावाहून आला होता, स्कूटर मेली म्हणून रडवेला. या स्कूटरना एक लाल चिमटा असतो, दोरीने जॅकेटला बांधायचा. तो बटणाखाली बसवला तरच इंजिन चालू होतं, म्हणजे माणूस पाण्यात पडला की चिमटा निघतो आणि इंजिन बंद. डॉक्टरचा चिमटा घरी खुंटीवर होता. दर शुक्रवारी गावच्या हॉलमध्ये सगळे तळलेले मासे खायला जमतात, त्या फिश फ्रायला लोर्ना ही गोष्ट सांगते. मासा तोंडात असतानाही सांगते.

आणि या वसंतात पिवळीच बंद पडली.

बटण दाबलं की टक्. फक्त टक्. इंजिन फिरायचं नावच नाही. उन्हाळाभर लोर्नाने काय काय केलं विचारू नका. बॅटरी नवी आणली, मीटर लावला तर ठणठणीत. टक्. बटण बदललं. टक्. रिले बदलला, म्हणजे बटणाचं ऐकून स्टार्टरला करंट सोडणारा तो छोटा डबा. टक्. प्रत्येक वेळी सीट उघडून पेट्रोलची वाफ जाऊ द्यायची, मग हात घालायचा, आणि शेवटी टक्.

तळ्यावर आवाज लांब जातो. रेइनोने ऐकलं असणारच.

रेइनो म्हणजे रस्त्यांवरून बर्फ काढायच्या खात्यातून रिटायर झालेला, बर्फ ढकलायचा नांगर लावलेला स्वतःचा ट्रक असलेला, लोर्नाचा शत्रू. म्हणजे दोघं एकाच टेबलावर बसतात, पण शत्रू. परवा शुक्रवारी भर हॉलमध्ये तो म्हणाला, काय लोर्ना, तुझं फर्निचर कसं आहे, म्हणजे जागची न हलणारी पिवळी. लोर्नाने काटा खाली ठेवला. मला तेव्हाच कळलं आता काहीतरी होणार. दोन मिनिटांत पैज लागली, सगळ्यांसमोर. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, जुन्या स्कूटरची तळ्यातल्या बेटाला फेरी होती, सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीआधी दरवर्षी असते ती. पिवळी तिथे आपल्या बटणावर चालू झाली आणि बेटाला एक फेरी मारून आली, तर रेइनोने हिवाळाभर लोर्नाच्या दारातला बर्फ काढायचा, रोज सकाळी, न बोलता. नाही झाली, तर पिवळी रेइनोच्या ट्रेलरवर. तो तिचे भाग काढून बेडकाला लावणार.

न बोलता, हे लोर्नाने मुद्दाम घातलं. टेबलावरचे सगळे हसले. ती नाही हसली.

काल सकाळी आईने निसू दिला, आमच्याकडचा वेलदोड्याचा पाव, म्हणाली लोर्नाला देऊन ये. शेडमध्ये गेले तर लोर्ना त्याच पालथ्या बादलीवर बसलेली. शिव्या नाहीत, रेडिओ नाही. तिचे हात गेल्या वर्षीपासून थोडे थरथरतात. ते तिने मांडीखाली दाबून ठेवले होते.

म्हणाली, स्टार्टरची मोटर बाहेर काढून टेबलावर ठेवली, बॅटरीला थेट लावली, तर वेड्यासारखी फिरते. आत बसवली की टक्. आता काही सुचत नाही. रेइनोला फोन करते, ट्रेलर आत्ताच घेऊन ये म्हणते. धक्क्यावर सगळ्यांसमोर नको.

मला इतका राग आला. तिचा, रेइनोचा, त्या इंजिनचा. ते इंजिन तिथे इतकं मस्त पांढरंशुभ्र चमकत होतं आणि उपयोग शून्य. मी विचार न करता बोलून गेले.

“हिवाळ्यात काय केलंस हिला?”

लोर्नाने मान वर केली. “काही नाही.”

“काहीतरी केलंस. ही झोपून होती. जागी तू होतीस.”

मला वाटलं आता पाना फेकून मारते. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. इंजिनकडे बघत होती. मग एकदम बारीक आवाजात म्हणाली, “रंगवलं.”

आता तुम्ही म्हणाल त्यात काय. पण आमच्याकडे हिवाळ्यात खिडकीच्या वरपर्यंत बर्फ येतो आणि माणसं गॅरेजमध्ये बसून जे दिसेल ते रंगवतात. माझ्या बाबांनी एकच बाक तीनदा रंगवलाय. रेइनोचा नांगर दर वर्षी नव्या रंगाचा असतो. म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही. उलट येणारा प्रत्येक जण म्हणायचा, वा लोर्ना, काय इंजिन दिसतंय, आणि मीसुद्धा म्हटलं होतं.

ती उठली. हाताने दाखवत, भराभर सांगायला लागली. लाल वायरीने करंट बॅटरीतून निघतो, मोटरीत जातो, आणि परत बॅटरीकडे यायला त्याला रस्ता लागतो. तो रस्ता म्हणजे इंजिनचं लोखंड आणि त्याला बोल्टने आवळलेली जाड काळी वायर. आणि त्या बोल्टखाली रंग. घट्ट, सुरेख, पांढरा रंग. टेबलावर मोटर फिरत होती कारण तिथे वायरीचा काळा चिमटा सरळ मोटरीच्या अंगाला लावलेला.

मी विचारलं, जाड दिलास का रंग?

“चांगला दिला,” ती म्हणाली. “मन लावून दिला.”

मग काय झालं ते मला नीट क्रमाने आठवतही नाही, इतकी घाई. सीट उघडलेली होतीच, वाफ गेलेली. तिने गाडीची बॅटरी जोडायची जंपर केबल आणली, तिच्यातल्या काळ्या वायरीचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनवरच्या एका उघड्या बोल्टला, जो रंगातून कसा काय वाचला होता देव जाणे. लाल चिमटा बटणाखाली बसवला. मला म्हणाली, दाब.

मी दाबलं.

आवाज झाला. टक् नाही. आख्खं इंजिन गरजलं, शेडमध्ये निळा धूर, पत्र्याचं छत थरथरायला लागलं, कपाटावरून डबे पडले. पाण्याशिवाय जास्त चालवली तर जळते म्हणून लोर्नाने चिमटा खेचला आणि शर्टाच्या खिशात टाकला, आणि आम्ही दोघी एकमेकींना धरून उड्या मारत होतो. ती रडत होती की धुराने डोळ्यांत पाणी होतं, विचारायची माझी हिंमत नाही.

नंतर काळी वायर सोडली. सँडपेपर तिने स्वतः घेतला, मग माझ्या हातात दिला. “तू घास. माझ्याच्याने बघवत नाही.” नाण्याएवढी जागा घासली, खालचं लोखंड चमकेपर्यंत. आवळलं. मधे निसू खाल्ला, ग्रीसच्या हातांनी.

धक्क्यावर पोचलो तेव्हा सगळ्या स्कूटर ओळीने पाण्यात, आणि रेइनोने रिकामा ट्रेलर उतारावर उलटा लावून ठेवलेला. पट्टेसुद्धा सोडून ठेवलेले. फेरीचा भोंगा दर वर्षी तोच वाजवतो, आणि तो वाजायच्या आत जी चालू झाली नाही ती बाद. एक एक जण आपापलं बटण दाबत गेला. लोर्नाची पाळी आली. लाइफ जॅकेट गळ्यापर्यंत बांधून ती पिवळीवर बसली आणि तिने बटण दाबलं.

काही नाही. टक्सुद्धा नाही.

परत दाबलं. काही नाही. आम्ही आत्ताच ऐकलं होतं ना, शेड हलली होती ना. लोर्नाचा चेहरा त्या इंजिनएवढा पांढरा. मी खाली बघितलं, बटणाकडे, आणि बटणाखाली काहीच नव्हतं.

“लोर्ना,” मी जिवाच्या आकांताने ओरडले, “दातांचा डॉक्टर!”

एक क्षण कुणालाच कळलं नाही. मग कळलं. सगळ्यांनी ती गोष्ट शंभर वेळा ऐकलेली. आख्खा धक्का हसायला लागला, माणसं वाकून वाकून हसत होती, आणि लोर्ना लाइफ जॅकेटच्या आत हात घालून शर्टाचा खिसा शोधत होती. जॅकेट निघेना. वेळ झाली होती, रेइनोच्या हातात भोंगा होता, त्याने वाजवला असता तर पैज तिथेच संपली असती. मी त्याच्याकडे बघितलं. तो भोंगा खाली धरून उभा होता, आकाशाकडे बघत, जणू काही ढग मोजतोय.

चिमटा निघाला. बसला. तिने बटण दाबलं.

निळा धूर पाण्यावर पसरला आणि मग रेइनोने भोंगा वाजवला.

ती शेवटची आली. बाकीच्या सगळ्या फेरी संपवून धक्क्याला लागल्या, आणि पिवळी आली, धक्क्याजवळून सुसाट गेली आणि परत बेटाकडे वळली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा किंकाळी ऐकू आली. आई शेजारी उभी होती, ती म्हणाली, अगदी तशीच.

रेइनोने मला विचारलं, ही थांबणार आहे का. मी म्हटलं, बस चालवताना साठवून ठेवलंय तिने सगळं. त्याने मान हलवली, ट्रेलरचे पट्टे गुंडाळले, ट्रकमध्ये बसता बसता म्हणाला, “या वर्षी बर्फ फार पडणारसं दिसतंय.” आणि रिकामा ट्रेलर घेऊन गेला.

बास, एवढंच. पण मला सारखं वाटतंय, उन्हाळाभर आम्ही सगळे तिच्याकडे आपापल्या बिघडलेल्या वस्तू घेऊन जात होतो आणि तिला एकदाही कुणी तो प्रश्न विचारला नाही. तुमच्याकडेही असं कुणी असेलच. सगळ्यांच्या वस्तू बघणारं, सगळ्यांना विचारणारं. त्याच्याकडे जा. काही बिघडलेलं नसताना जा, याच आठवड्यात जा. बादली ओढा, बसा, आणि विचारा, हिवाळ्यात काय केलंस. काही नाही म्हणेल. उठू नका.